रेग्युलेटर महागडा असला तरी या चुका नडतात

स्कूबा डायव्हिंगमध्ये सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाने देतो तो रेग्युलेटर. त्याचं सगळ्यांत महाग मॉडेल घेतलं की श्वासाची काळजी मिटली, या समजातूनच पुढच्या बऱ्याच चुका होतात. युरोपीय मानक ईएन २५० नुसार ५० मीटर खोलीवर, मिनिटाला ६२.५ लिटर हवा ओढली जात असताना श्वासाला लागणारं काम लिटरमागे ३ ज्यूलच्या आत राहावं लागतं. हे प्रमाणपत्र असलेलं स्वस्त मॉडेलही याच परीक्षेतून पास झालेलं असतं. ३० मीटरपर्यंत निवांत फिरणाऱ्याची गरज त्याहून बरीच कमी असते.

मग जास्तीचे पैसे कुठे सार्थकी लागतात? मुख्यतः बॅलन्स्ड फर्स्ट स्टेजमध्ये. सिलिंडरवर बसून दाब पहिल्यांदा उतरवते ती फर्स्ट स्टेज, तोंडात धरायची ती सेकंड स्टेज. साध्या अनबॅलन्स्ड पिस्टनमध्ये सिलिंडर रिकामा होत जातो तसा या दोन स्टेजमधला दाबही उतरतो. शेवटच्या ५० बारवर दोघांना एकाच सिलिंडरमधून श्वास घ्यायची वेळ आली, तर ते चांगलंच जाणवतं. बॅलन्स्ड रचनेत हा फरक जवळजवळ नसतो. पाणी १० अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल, तर थंड पाण्यासाठी प्रमाणित केलेली, बंदिस्त फर्स्ट स्टेज घ्यायलाच हवी. त्यापुढचा पैसा वजन आणि दिखाव्यावर जातो. टायटॅनियम हलकं आणि न गंजणारं असतं, पण ४० टक्क्यांहून जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणासाठी ते वापरू नये. आमचं मत स्पष्ट आहे: मधल्या किमतीचा बॅलन्स्ड रेग्युलेटर घ्या, आणि खरेदीआधी त्याचा सर्व्हिस किट सहज मिळतो का व तो मॉडेल उघडायचं प्रशिक्षण असलेला तंत्रज्ञ जवळपास आहे का, एवढं विचारा.

वापरला नाही म्हणून सर्व्हिसिंग टाळणं

कपाटात पडून राहिलेला रेग्युलेटर जपला जातो असं नाही. ओ-रिंग (हवा रोखणाऱ्या रबरी कड्या) कडक होतात, आत राहिलेलं मीठ खडे धरतं आणि सेकंड स्टेजच्या सीटवर (झडप बंद करणाऱ्या मऊ चकतीवर) सतत दाब राहिल्याने खाच पडते. श्वास हलका-जड करायचा नॉब असेल, तर ठेवताना तो पूर्ण बाहेर फिरवून ठेवा. तपासणी दरवर्षी करा. पूर्ण सर्व्हिसिंग किती वर्षांनी किंवा किती डाइव्हनंतर, हे मॉडेलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, तेच पाळा. उगाच लवकर उघडण्यातही फायदा नाही, कारण प्रत्येक वेळी उघडताना नवी चूक होण्याची शक्यता असते.

आयपी कधीच न मोजणं

फर्स्ट स्टेज सिलिंडरचा २०० बार दाब उतरवून साधारण ९ ते १० बारवर आणते. हाच इंटरमीजिएट प्रेशर, म्हणजे आयपी. बीसीडीच्या (हवा भरून तरंगतं ठेवणाऱ्या जाकिटाच्या) इन्फ्लेटर होजला लागणारा छोटा गेज मिळतो. किटमधली सगळ्यांत उपयोगी वस्तू हीच, असं आम्ही म्हणू.

गेज लावा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडा, सेकंड स्टेजवरचं, हवा सोडणारं पर्ज बटण चार-पाच वेळा दाबून सोडा. काटा झटकन एका आकड्यावर येऊन थांबायला हवा. पाच मिनिटं तसंच ठेवा. सुरुवातीला किंचित वर जाऊन थांबला तर ठीक. सावकाश चढतच राहिला, तर फर्स्ट स्टेजची हाय-प्रेशर सीट हवा सोडते आहे. हीच चाचणी भरलेल्या आणि ५० बारवर आलेल्या, अशा दोन्ही सिलिंडरवर करा.

इथेच निदान चुकतं. हवा ऑक्टोपसमधून (जोडीदारासाठीच्या जादा सेकंड स्टेजमधून) फुसफुसताना दिसते, म्हणून ऑक्टोपसच खोलला जातो. पण वाढलेला आयपी जी सेकंड स्टेज सर्वांत हलकी लावलेली असेल तिथून बाहेर पडतो. व्हॉल्व्ह उघडल्यावर काही मिनिटांनी गळती सुरू झाली तर आधी फर्स्ट स्टेजवर संशय घ्या. आयपी स्थिर आहे आणि तरी एकच सेकंड स्टेज गळते, तर दोष त्या सेकंड स्टेजच्या सीटमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. पाण्यात उतरताना माउथपीस वर असल्यामुळे सुटलेला फ्री-फ्लो (आपोआप वाहणारी हवा) हा बिघाडच नव्हे. माउथपीस खाली करा, बंद होतो.

श्वास घेताना प्रेशर गेजचा काटा दरवेळी खाली झुकतो? सिलिंडरचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा आहे किंवा फर्स्ट स्टेजचा फिल्टर चोंदला आहे. फिल्टरचा रंगही बोलतो: हिरवट म्हणजे आत खारं पाणी गेलं, तांबूस म्हणजे स्टीलच्या सिलिंडरमधला गंज, काळा म्हणजे कंप्रेसरच्या फिल्टरमधला कोळसा.

धुताना पर्ज दाबणं

बरेच रेग्युलेटर यानेच खराब होतात. दाब नसताना पर्ज दाबला की झडप उघडते आणि पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजपर्यंत जातं. धुण्याआधी डस्ट कॅप (फर्स्ट स्टेजच्या तोंडाचं झाकण) फडक्याने कोरडी करून घट्ट लावा. सिलिंडरच्या हवेचा झोत मारून ती वाळवू नका. पाणी फिल्टरवर उडतं. मग कोमट गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवा, पर्जला हात न लावता. पाणी आत गेलंच, तर सिलिंडर जोडून पर्ज दाबून हवा जाऊ द्या आणि लवकर तंत्रज्ञाकडे न्या.

तोंडात पाणी आलं की घाबरणं

बहुतेकदा कारण किरकोळ असतं: दातांजवळ फाटलेलं माउथपीस, सुटलेला केबल टाय, एक्झॉस्ट झडपेखाली अडकलेला वाळूचा कण किंवा दुमडलेली कड. रेग्युलेटर सिलिंडरला लावा, व्हॉल्व्ह बंद ठेवा, उरलेली हवा पर्ज करून काढा आणि माउथपीसमधून ओढा. काहीही आलं नाही पाहिजे. हवा आली, तर माउथपीस, झडप आणि डायफ्राम (आतला रबरी पडदा) याच क्रमाने पाहा.

होज तपासताना प्लास्टिकचं संरक्षक आवरण मागे सरकवून पाहा. भेगा नेमक्या त्याच्याखाली, धातूच्या जोडाजवळ पडतात. लो-प्रेशर होज फुटला तर सिलिंडर मिनिटांत रिकामा होतो. हाय-प्रेशर होजच्या तोंडाशी बारीक भोक असल्याने तिथली गळती दिसायला भयंकर, पण हवा सावकाश जाते.

सर्व्हिसिंग करून थेट सहलीला जाणं

नव्या सीटला बसायला थोडा वापर लागतो, त्यामुळे पहिल्या काही डाइव्हमध्ये आयपी किंचित सरकू शकतो. म्हणून सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी सर्व्हिसिंग उरका आणि ५-६ मीटरवर दोन्ही सेकंड स्टेजमधून प्रत्येकी पाच मिनिटं श्वास घेऊन बघा. तंत्रज्ञाकडून सर्व्हिसिंगच्या आधीचा आणि नंतरचा आयपी लिहून घ्या, बदललेले जुने भाग परत मागा. चांगला तंत्रज्ञ हे न मागता देतो. टाळाटाळ झाली, तर दुसरा शोधा.

घरी स्वतः उघडायचा मोह होत असेल, तर एवढं लक्षात ठेवा: स्टीलच्या टोकदार हत्याराने ओ-रिंग काढताना धातूच्या पृष्ठभागावर केसाएवढा ओरखडा पडला, तरी नवीन ओ-रिंग तिथे हवा रोखत नाही, आणि तो भाग बदलण्याचा खर्च सर्व्हिसिंगहून जास्त होऊ शकतो.