औषधाच्या कुपीतून साकारणारी वैद्या : प्राचीन इजिप्तच्या परंपरेतील पोकळ मृत्तिकाशिल्प

प्राचीन इजिप्तमधील वैद्यांवर शिल्प करायचे म्हटले की बहुतेक जण हातात काठी किंवा वनस्पती घेतलेली एखादी उभी देवता घडवतात. मला तो मार्ग पटत नाही, कारण तेथील कुंभारांनी याहून फार अर्थपूर्ण रूप शोधून ठेवले आहे. अठराव्या राजवंशाच्या काळात, म्हणजे इ. स. पू. सुमारे १५५० नंतर, मांडीवर बाळ घेऊन बसलेल्या स्त्रीच्या आकाराच्या छोट्या मातीच्या कुप्या तेथे बनत असत. मुलगा झालेल्या स्त्रीचे दूध त्या काळी औषधात वापरत आणि एबर्स पपायरस या प्राचीन इजिप्शियन वैद्यकीय ग्रंथातील पाठांतही त्याचा उल्लेख येतो. या कुप्या अशाच दुधासाठी असाव्यात, असे अनेक अभ्यासक मानतात. आपल्या अर्भक मुलाला, होरस देवाला, बरे करणाऱ्या इसिस देवीच्या दुधाची कल्पनाही त्यामागे होती. येथे स्त्रीचा देह हेच औषधाचे पात्र आहे, म्हणून आपले शिल्पही पोकळच असले पाहिजे; भरीव घडवले तर विषयाचा गाभाच हरवतो.

शिल्पाला नाव द्यायचे असल्यास पेसेशेतचे द्यावे. गिझा येथील एका थडग्यातील शिलालेखात तिला स्त्री-वैद्यांवर देखरेख करणारी म्हटले आहे. मेरित-प्ताह हे नाव अधिक प्रसिद्ध असले, तरी त्या नावाची वैद्य होऊन गेल्याचा पुरावा नाही. विसाव्या शतकातील लेखनातल्या गोंधळातून ती कथा पसरली. मात्र पेसेशेत या कुप्यांच्या आधी सुमारे हजार वर्षे होऊन गेली, त्यामुळे नाव तिचे आणि रूप नंतरच्या काळातले, हे प्रदर्शनातील माहितीफलकावर स्पष्ट लिहावे.

भाजल्यावर तांबडी होणारी, लोहयुक्त माती घ्यावी. नाईलच्या गाळाची जात तीच आहे आणि आपल्याकडील कुंभाराची तांबडी मातीही या कामाला उत्तम चालते. तिच्यात सुमारे पंधरा टक्के बारीक, चाळलेला विटांचा किंवा भाजलेल्या मातीचा चुरा मिसळून, हवेचे बुडबुडे निघेपर्यंत चांगली मळावी. वाळताना आणि भाजताना माती एकूण आठ ते दहा टक्के आकसते, म्हणून अठरा सेंटीमीटरचे शिल्प हवे असल्यास वीस सेंटीमीटरचे घडवावे.

गुडघे टेकून बसलेली मुद्रा निवडली की मांड्यांचा रुंद पाया आपोआप मिळतो. त्यावर मातीच्या वळ्या रचत जावे आणि प्रत्येक वळी आतून अंगठ्याने खालच्या वळीत नीट मिसळावी. भिंत सात-आठ मिलिमीटर जाड असावी. कमरेपर्यंत आल्यावर थोडा वेळ थांबून माती घट्ट होऊ द्यावी, नाहीतर छातीच्या वजनाने पोट खाली बसते. डोके वेगळे, तेही पोकळ करावे आणि जोडण्यापूर्वी मानेत भोक पाडावे, म्हणजे डोक्याच्या माथ्यावरील तोंडापासून तळापर्यंत पोकळी सलग राहील. पाठीमागे मूठ जोडली की ते रूप कुपीचे दिसू लागते.

सर्वांत जास्त वेळ हातांना द्यावा. त्या प्राचीन कुप्यांपैकी काहींत स्त्री एका हाताने स्वतःचा स्तन दाबताना दाखवली आहे. तीच मुद्रा आपण घ्यावी आणि दुसरा तळवा बाळाच्या मानेखाली ठेवावा. बोटे सुटी करू नयेत. एकत्र ठेवून लाकडी कोरणीने फक्त रेषा ओढाव्यात, पण बोटांचा दाब जेथे पडतो तेथे समोरची माती किंचित आत दबलेली दिसली पाहिजे. त्या एका खळगीने हात काम करतो आहे हे कळते; चेहऱ्यावरील भाव कितीही कोरला तरी ते साधत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंवर सुईने आडव्या-उभ्या रेघा मारून, त्याच मातीची दाट रबडी लावून हात दाबून बसवावेत. मनगट बारीक असल्याने ते आधी वाळते आणि तेथेच तडा जातो. म्हणून हातांवर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून संपूर्ण शिल्प दोन आठवडे सावलीत, सैल झाकून वाळवावे.

माती लेदर-हार्ड, म्हणजे अर्धवट वाळून चामड्यासारखी घट्ट असतानाच गेरू मिसळलेल्या पातळ मातीचे दोन-तीन हात द्यावेत आणि ओल जाण्यापूर्वी गुळगुळीत अकीक दगडाने किंवा स्टीलच्या चमच्याच्या पाठीने घासून झिलई आणावी. काचेचा लेप मुळीच देऊ नये, कारण या कुप्यांचे सौंदर्य घासलेल्या तांबड्या पृष्ठभागात आहे. केस आणि भुवया काळ्या रंगाच्या स्लिपने, म्हणजे तशाच पातळ मातीने, रंगवाव्यात.

भाजताना घाई केली तर आतली ओल वाफ होऊन शिल्प फोडते. सुरुवातीला तापमान तासाला साठ अंशांहून जास्त वाढवू नये आणि १०० अंश सेल्सियसच्या थोडे आधी काही तास थांबावे. ५७३ अंशांजवळ मातीतील क्वार्ट्‌झचे आकारमान अचानक बदलते, म्हणून चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा तेथे गती मंद ठेवावी. सुमारे ९५० अंशांवर थांबावे, कारण याहून वर झिलई मंदावत जाते. भट्टी १०० अंशांखाली येईपर्यंत दार उघडू नये. अशी कुपी सच्छिद्र राहते; तिच्यात सुक्या वनस्पती ठेवता येतील, पण पिण्याचे काही ठेवू नये.