जुन्या मोटरहोमचे गळके छत दुरुस्त करताना

मोटरहोमच्या, म्हणजे आत राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या, छतातून पाणी येऊ लागले की बहुतेकांचा हात पहिल्यांदा सीलंटच्या, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लुकणाच्या, नळीकडे जातो आणि बऱ्याच दुरुस्त्या तिथेच फसतात. आत जिथे डाग दिसतो, त्याच्या बरोबर वर छिद्र असेलच असे नाही. स्क्रूच्या भोकातून शिरलेले पाणी छताचा प्लायवुड आणि आतले सीलिंग यांमधल्या पोकळीतून उताराच्या दिशेने वाट काढते आणि कित्येक फुटांवर टपकते.

आमचे मोटरहोम १९९६ सालचे आहे. ते व्हॅनच्या चासीवर बांधलेले असून चालकाच्या केबिनवर पलंग आहे. अमेरिकेत या प्रकाराला क्लास सी म्हणतात. पलंगाच्या वर डाग होता, म्हणून आधीच्या मालकाने पुढच्या सांध्यावर सिलिकोनचे थरावर थर चढवले होते. प्रत्यक्षात पाणी शिरत होते ते सहा फूट मागे, हवा खेळण्यासाठी बसवलेल्या झडपेच्या चौकटीतून. गाडी उतारावर नाक खाली करून उभी असे, त्यामुळे पाणी पुढे वाहत येई. म्हणून गळती शोधायला पुरेसा वेळ द्यावा, एवढेच माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कोकणात मृगाच्या आधी घर शाकारून घेतात, तसे आम्ही सिअ‍ॅटलच्या परिसरातले लोक हे काम जुलै-ऑगस्टमध्ये उरकतो, कारण ऑक्टोबरपासून इथे पावसाची रिपरिप सुरू होते आणि ओल्या छतावर काहीही चिकटत नाही.

छत कशाचे आहे हे आधी ओळखावे, कारण कोणता सीलंट आणि कोणता क्लीनर चालेल हे त्यावरच ठरते. त्या काळातल्या अनेक अमेरिकी गाड्यांवर ईपीडीएम रबराचे आवरण असते. काहींवर टीपीओ (एक प्रकारचे प्लॅस्टिक), फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असतो. बोट फिरवल्यावर खडूसारखी पांढरी भुकटी लागली आणि गाडीच्या बाजूंवर पांढरे ओघळ असले, तर बहुधा ते ईपीडीएम असते. खात्री करायची असेल तर झडपेची आतली प्लॅस्टिकची चौकट काढून आवरणाची कापलेली कड पाहावी. ईपीडीएम वरून पांढरे असले तरी खालून काळे असते.

छतावर चढण्यापूर्वी शिडी कोणाला तरी धरायला सांगावी. क्लास सीचे छत जमिनीपासून दहा-अकरा फूट उंच असते आणि साबणाच्या पाण्याने रबर अतिशय निसरडे होते. जुना प्लायवुड आतून कुजलेला असू शकतो, म्हणून त्यावर थेट उभे न राहता प्लायवुडची रुंद फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकावेत. सरकत सरकत तळहाताने दाबत जावे आणि जिथे छत मऊ लागेल तिथे खडूने खूण करावी.

शोधाची माझी पद्धत संथ आहे, पण खात्रीची आहे. बागेच्या नळीने, जोर न लावता, एका वेळी एकाच भागावर दहा मिनिटे पाणी सोडावे आणि आत दुसऱ्या माणसाने टॉर्च घेऊन कपाटे उघडी ठेवून पाहत राहावे. सुरुवात उताराच्या खालच्या टोकापासून करावी. वरून सुरू केले तर पाणी खालच्या सगळ्या सांध्यांवरून वाहते आणि दोषी कोण ते कळत नाही. टोकदार पिनांचा ओलावा मोजणारा मीटर जवळ असल्यास आतल्या भिंतींवर आणि सीलिंगवर जागोजागी आकडे घ्यावेत. १५ टक्क्यांपर्यंत चिंता नसते, त्यापुढे लक्ष ठेवावे लागते आणि २० च्या वर गेल्यास आत निश्चित काहीतरी बिघडले आहे असे समजावे. एवढे करूनही जागा सापडली नाही, तर काही कार्यशाळा पंख्याने गाडीच्या आत हवेचा हलका दाब निर्माण करतात आणि बाहेरून साबणाचे पाणी लावतात. जिथे बुडबुडे येतात तिथे छिद्र असते. या चाचणीचे पैसे वाया जात नाहीत.

जागा सापडल्यावर जुना थर काढायचा असतो. यासाठी प्लॅस्टिकची पट्टीच वापरावी, कारण लोखंडी पट्टीने रबर चटकन कापले जाते. केस वाळवण्याच्या ड्रायरने थर किंचित गरम केला की तो सोलून निघतो. छताच्याच जातीचा जुना लॅप सीलंट (चौकटींच्या कडांवरून लावायचा सीलंट) घट्ट चिकटलेला असेल तर त्याचे सुटलेले, भेगाळलेले तुकडे तेवढे काढावेत. उरलेल्या भागावर नवा थर बसतो. सिलिकोन मात्र पूर्ण काढल्याशिवाय गत्यंतर नाही. त्यावर दुसरा सीलंट चिकटत नाही, नवे सिलिकोनही नीट धरत नाही. आमच्या छतावरचे सिलिकोन खरवडायला मला दोन दिवस लागले.

झडपेच्या चौकटीचे स्क्रू काढताना लाकडाची अवस्था समजते. आमचा एक स्क्रू फिरवावा लागलाच नाही. बोटांनी उचलताच तो गंजून निम्मा झालेला वर आला आणि त्याच्या आट्यांमध्ये कॉफीच्या चोथ्यासारखा काळा, ओला भुसा अडकलेला होता. असे दिसले की थांबावे. कुजलेला भाग कापून, टणक लाकूड लागेपर्यंत मागे जाऊन, त्याच जाडीच्या प्लायवुडचा तुकडा बसवावा. आतली बुरशी साफ करताना मास्क आणि हातमोजे वापरावेत. लाकूड नुसतेच ओले असेल, तर पंखे आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारे यंत्र) लावून मीटरवरचा आकडा उतरेपर्यंत, आठवडा लागला तरी, वाट पाहावी, कारण ओल आत कोंडून वर सील केले तर छत आतून कुजत राहते.

ईपीडीएम साफ करायला भांडी घासायचा सौम्य साबण आणि पाणी पुरते. पेट्रोलियमचे द्रावण किंवा संत्र्या-लिंबाच्या तेलाचे क्लीनर वापरू नयेत. त्यांनी रबर फुगते. वाळल्यावर सांध्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि उडून जाऊ द्यावी.

आता चौकटीच्या खालच्या बाजूस ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी) सलग लावून ती जागेवर ठेवावी आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू समोरासमोरचे असे आलटून पालटून आवळावेत. कडेने ब्यूटाइल थोडे बाहेर आले म्हणजे दाब सारखा पडला. पाणी अडवण्याचे खरे काम हे ब्यूटाइल करते, वरचा सीलंट त्याचे रक्षण करतो. तो लावताना, सपाट भागावर आपोआप पसरणारा लॅप सीलंट घ्यावा (डायकोर कंपनीचा इथे सर्रास मिळतो) आणि चौकटीची कड व प्रत्येक स्क्रूचे डोके पूर्ण झाकावे. बोटाने सारवू नये, तो स्वतःच बसतो. उतरत्या किंवा उभ्या भागावर मात्र हाच सीलंट ओघळतो, तिथे न ओघळणारा प्रकार घ्यावा. तापमान १० अंश सेल्सियसच्या वर असावे आणि पुढचा दिवसभर पावसाची शक्यता नसावी. वरची साय लवकर धरते, पण थर आतपर्यंत पक्का व्हायला महिनाही लागू शकतो.

पुढच्या आणि मागच्या लांब सांध्यांवर मी एटर्नाबाँडसारखी चार इंच रुंदीची टेप वापरतो. ती एकदा चिकटली की उचलता येत नाही, म्हणून आधी पेन्सिलने रेघ आखावी, टेपचे कोपरे कात्रीने गोल करावेत, मागचा कागद थोडा थोडा काढत जावे आणि लगेच रोलरने जोर देऊन दाबावे. तिचा चिकटपणा दाबाने वाढतो, त्यामुळे रोलरचा कंटाळा करू नये.

एअर कंडिशनरच्या बाबतीत नेमके उलटे वागायचे असते. त्याच्याभोवती सीलंट लावू नये, कारण त्यातून निघणारे पाणी छतावर वाहून जायला वाट लागते. त्याखाली चौदा इंचाच्या चौकोनी भोकाभोवती फोमची गॅस्केट (फट बंद करणारी मऊ चकती) असते. गाडीची बाहेरची वीज तोडून, आतून चारही बोल्ट थोडे थोडे, सारखे आवळून ती साधारण अर्ध्या इंचापर्यंत दाबावी. ती चपटी आणि कडक झाली असेल तर बदलावी.

छतावर असताना कडेच्या पट्ट्यांतले स्क्रू आणि समोरचे पाच पिवळे दिवेही तपासावेत. केबिनवरचा पलंग भिजतो तो पुष्कळदा या दिव्यांच्या तडकलेल्या गॅस्केटमुळे. संपूर्ण छताला पांढरा लेप देण्याचा विचार सगळे सांधे कोरडे ठरल्यावरच करावा. लेप उन्हापासून वाचवतो, उघडा सांधा बुजवत नाही.

दुरुस्तीची तारीख आणि जागा मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूस लिहून ठेवतो. पहिला मोठा पाऊस झाला की त्याच ठिकाणी मीटर टोचून आकडा पाहतो आणि जुन्या आकड्याच्या शेजारी लिहितो. पुढे दर वसंतात आणि दर शरदात एकदा शिडी लावून प्रत्येक सांध्यावरून हात फिरवतो.