मोटारसायकल शर्यतींचा इतिहास अभ्यासताना: आधी नियम, मग विजेते

विश्वविजेतेपदाच्या मोटारसायकल रोड रेसिंगचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर विजेत्यांच्या यादीपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यादी कोण जिंकले एवढेच सांगते. का जिंकले, हे त्या वर्षीच्या नियमांत आणि इंजिनांत दडलेले असते.

याची खात्री पहिल्याच हंगामात पटते. एफआयएम या मोटारसायकल क्रीडेच्या जागतिक संघटनेने 1949 मध्ये ही स्पर्धामालिका सुरू केली आणि तिची पहिली शर्यत ब्रिटन व आयर्लंड यांच्यामधील आइल ऑफ मॅन बेटावर झाली. 500 सीसी गटात सहा शर्यती होत्या. पहिल्या पाच क्रमांकांना 10, 8, 7, 6 आणि 5 गुण मिळत, सर्वांत वेगवान फेरी मारणाऱ्याला एक गुण जादा मिळे, आणि अंतिम हिशेबात केवळ तीन सर्वोत्तम निकाल धरले जात. सर्व शर्यतींचे गुण मिळवले, तर इटलीचा नेल्लो पगानी 40 गुणांसह ब्रिटनच्या लेस्ली ग्रॅहमच्या 31 गुणांच्या बराच पुढे होता. पण तीन निकालांच्या नियमाने ग्रॅहमचे 30 आणि पगानीचे 29 गुण उरले आणि विजेतेपद एजेएस ही ब्रिटिश गाडी चालवणाऱ्या ग्रॅहमला मिळाले. म्हणून कोणत्याही हंगामाचा गुणतक्ता पाहण्यापूर्वी त्या वर्षीची गुणपद्धती वहीत लिहून ठेवावी. वहीत वर्ष, गट, गुणपद्धती, इंजिनावरील मर्यादा आणि त्या वर्षी आलेली किंवा माघार घेतलेली कंपनी असे रकाने आखावेत. शेवटचा रकाना गाळू नये. 1957 च्या अखेरीस जिलेरा, मोतो गुझ्झी आणि मोंदियाल या इटालियन कंपन्यांनी माघार घेतली, हे ठाऊक असले की 1958 पासून एमव्ही ऑगस्टा या इटालियन कंपनीचे वर्चस्व एवढे दीर्घ का टिकले, याचा बराचसा उलगडा होतो.

यानंतर इंजिनांकडे वळावे, आणि येथे घाई करू नये, कारण या इतिहासाचा गाभा टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन हालचालींत एक चक्र पुरे करणारी) आणि फोर-स्ट्रोक (त्यासाठी चार हालचाली घेणारी) या इंजिनांच्या झगड्यात आहे. साठच्या दशकातील एखाद्या टू-स्ट्रोक शर्यती गाडीचे छायाचित्र समोर ठेवून तिची एक्झॉस्ट नळी नीट पाहावी. ती इंजिनापासून निघताना बारीक असते, मध्ये पोट फुगल्यासारखी रुंदावते आणि शेवटी पुन्हा निमुळती होते. जळालेला वायू बाहेर पडताना निर्माण होणारी दाबाची लाट रुंद भागात पोहोचली की मागे ओढ निर्माण होते आणि सिलिंडर रिकामा होण्यास मदत होते. पुढे निमुळत्या भागावर आदळून तीच लाट परत फिरते आणि बाहेर निसटू पाहणारे ताजे इंधनमिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीत वाल्टर काडेन यांनी हे तंत्र कमालीच्या चिकाटीने विकसित केले. 1961 मध्ये त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला, ते ज्ञान त्याच्यासोबत सुझुकीकडे पोहोचले, आणि 1962 मध्ये नव्याने सुरू झालेल्या 50 सीसी गटाचे विजेतेपद डेग्नरने सुझुकीवरच पटकावले. मोठ्या गटाला मात्र वेळ लागला: 500 सीसीमध्ये टू-स्ट्रोकला पहिले विजेतेपद 1975 मध्ये, यामाहावर बसलेल्या जाकोमो अगोस्तिनीने मिळवून दिले.

उलट दिशेचा बदल 2002 मधला आहे. त्या वर्षापासून मुख्य गट मोटोजीपी या नावाने ओळखला जाऊ लागला आणि 500 सीसी टू-स्ट्रोकच्या शेजारी 990 सीसी फोर-स्ट्रोक गाड्यांना परवानगी मिळाली. पुढे 2007 मध्ये 800 आणि 2012 मध्ये 1000 सीसीची मर्यादा आली. या दोन नोंदी वहीत असल्या म्हणजे पुरे.

दोन काळांतील रायडरांची तुलना करताना विजयांची संख्या एकटी वापरू नये. अगोस्तिनीचे 122 विजय 350 आणि 500 सीसी या दोन गटांतील आहेत, आणि एकाच ग्रां प्रीमध्ये (मालिकेतील एका ठिकाणच्या स्पर्धेत) तो दोन्ही गटांत उतरू शकत असे. आजचा रायडर एकाच गटात धावतो, आणि 2023 पासून शनिवारी होणाऱ्या स्प्रिंट या छोट्या शर्यतींतील विजय ग्रां प्री विजयांत मोजले जात नाहीत. अगोस्तिनीने 1968 मध्ये 500 सीसीच्या दहाच्या दहा शर्यती जिंकल्या, हे वाचताना समोर कोणत्या कंपनीचा अधिकृत संघ उरला होता, हा प्रश्न विचारावाच. त्याने त्याचे कौशल्य उणे होत नाही, त्या वर्षाचे चित्र मात्र पूर्ण होते.

शेवटी ट्रॅकचा नकाशा उघडावा, आणि तो आइल ऑफ मॅनचाच असावा. सुमारे 60 किलोमीटरची एक फेरी, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणे, घरे आणि दिव्यांचे खांब, आणि घसरलेल्या रायडरला थांबायला मोकळी जागाच नाही. 1972 मध्ये तेथे रायडर जिल्बेर्तो पार्लोत्तीचा मृत्यू झाल्यानंतर अगोस्तिनीसह अनेक आघाडीच्या रायडरांनी त्या शर्यतीकडे पाठ फिरवली. 1973 मध्ये इटलीतील मोंझा येथे यार्नो सारिनेन आणि रेंझो पासोलिनी एकाच अपघातात दगावले. 1976 नंतर आइल ऑफ मॅनची शर्यत विश्वविजेतेपदाच्या मालिकेतून वगळण्यात आली आणि 1977 पासून ब्रिटनची शर्यत सिल्व्हरस्टोनच्या बंदिस्त ट्रॅकवर होऊ लागली. ही नावे आणि ही वर्षे वहीत गुणांच्या रकान्याशेजारीच लिहावीत.