आरसी (रेडिओ कंट्रोल) गाडीचे गिअर : या चुका टाळा, नाहीतर स्पर बदलतच बसाल

"दादा, गिअर पुन्हा गेला." हे मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्याने गाडी पिशवीतून काढायच्या आधीच अंदाज येतो काय झालं असणार. जवळपास प्रत्येकजण सांगतो की मोटर जोरदार आहे म्हणून दात गेले. उघडून बघितलं की मोटरचा दोष बहुतेक वेळा नसतोच, पिनियन बसवताना शेवटच्या पाच मिनिटांत घाई झालेली असते. आणि नवीन गाडी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात मोठा पिनियन लावायची जी धडपड असते ना, ती बघून मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यात चांगल्या मोटरी जळतात आणि कंटाळून मुलं छंदच सोडून देतात.

अगदी नवीन असाल तर एवढं लक्षात ठेवा. मोटरच्या शाफ्टवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन, त्याला लागून फिरणारा मोठा तो स्पर. स्परच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागायचं आणि आलेल्या आकड्याला गिअरबॉक्सच्या आतल्या रेशोने गुणायचं, की झाला फायनल ड्राइव्ह रेशो. टामिया कंपनीची टीटी-०२ गाडी घ्या, किटमध्ये स्पर ७० दातांचा, पिनियन २२ चा, आतला रेशो २.६. म्हणजे ७० भागिले २२ गुणिले २.६, साधारण ८.२७. मोटर सव्वाआठ वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. पुढे हीच गाडी उदाहरणाला घेतो.

पिच न बघता पिनियन घेणं

ही चूक माझ्या सगळ्यात जास्त डोक्यात जाते, कारण यात माणूस बाकी सगळं बरोबर करूनही हरतो.

एक कॉलेजातला मुलगा गाडी घेऊन आला होता, तिसरा स्पर संपवून. प्रत्येक वेळी दात वरून खरवडल्यासारखे गेलेले, प्लॅस्टिकचा पांढरा भुगा सगळ्या चॅसीत पसरलेला. त्याचं म्हणणं मेश (दोन गिअरचे दात एकमेकांत बसणं) ढिला राहतोय, म्हणून दर वेळी तो मोटर अजून आत दाबत होता आणि दर वेळी स्पर आधीपेक्षा लवकर जात होता. मी पिनियन काढला, दात मोजले, २२, बरोबर. मग व्हर्नियर लावला तर बाहेरचा व्यास भरला १२.७ मिमी. तिथेच कळलं. त्याचा स्पर ०.६ मोड्यूलचा आणि पिनियन ४८ पिचचा. पाकिटावर २२ लिहिलेलं होतं म्हणून त्याने घेतला, बाजूचा दुसरा आकडा कशाचा ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. बरोबर पिनियन लावला आणि चौथा स्पर मी त्याच्या गाडीवर बघितला तेव्हा सीझन संपत आला होता आणि दात अजून धड होते.

हे पिच प्रकरण सोपं आहे. ४८ पिच म्हणजे गिअरच्या पिच व्यासाच्या एका इंचामागे ४८ दात, ६४ पिच म्हणजे ६४, म्हणून आकडा मोठा तेवढा दात बारीक. मोड्यूल उलटं, एका दातामागे किती मिलिमीटर व्यास ते, म्हणून तिथे आकडा मोठा तेवढा दात जाड. ४८ पिच मोड्यूलमध्ये सांगायचं तर ०.५३ च्या आसपास येतं, म्हणजे ०.६ च्या जवळ दिसतं पण तो नाही. आणि फसवणूक इथेच होते, कारण पिनियन आणि स्परचे एका वेळी एखाद-दोनच दात एकमेकांत असतात, हाताने हळू फिरवलं तर थोडं खडबडीत लागतं पण फिरतं, मग वाटतं नवीन आहे, बसेल हळूहळू. तो बसत नाही, स्परला खातो.

माझी सवय सांगतो. दातांची संख्या अधिक २, गुणिले मोड्यूल, एवढा बाहेरचा व्यास यायला पाहिजे. २२ दात आणि ०.६ मोड्यूल म्हणजे २४ गुणिले ०.६, १४.४ मिमी. पिचमध्ये असेल तर दात अधिक २ भागिले पिच, उत्तर इंचात येतं, २४ भागिले ४८ म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिमी. ६४ पिचचा २२ असेल तर साडेनऊ मिमी. कुठलाही पिनियन डबीत टाकायच्या आधी मी हे मोजतो आणि डबीवर पिचसकट लिहून ठेवतो, कारण सहा महिन्यांनी सुटा पिनियन हातात आला की डोळ्यांनी ओळखता येत नाही, मला तरी येत नाही. ३२ पिच आणि ०.८ मोड्यूल यांच्यात फरक एक टक्क्याच्या आत आहे, लोक ते सर्रास एकत्र चालवतात आणि चालतं. पण त्यावरून "जवळपास असलं की चालतं" असा नियम काढू नका.

पिनियन घेताना शाफ्टही बघा. ५४० साइजच्या मोटरला ३.१७ मिमी, १/८ स्केलच्या मोठ्या मोटरींना सहसा ५ मिमी. भोक मोठं असलेला पिनियन शाफ्टवर टेप गुंडाळून बसवलेला मी बघितलाय, कृपया असं करू नका.

मेश : कागद लावला म्हणजे काम झालं असं नाही

दोन गिअरमध्ये कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबायची, स्क्रू आवळायचे, कागद काढायचा. हे सगळ्यांना माहीत आहे आणि इथेच सगळे थांबतात. कागद ही सुरुवात आहे. स्पर कधीच शंभर टक्के गोल नसतो, प्लॅस्टिकचा तर नाहीच, त्यामुळे एका जागी छान बसलेला मेश अर्धा फेरा फिरवला की आवळलेला निघतो. शिवाय स्क्रू आवळताना मोटर थोडी सरकते, तुमच्या लक्षातही येत नाही.

मी असं करतो. कागद घालून दोन्ही मोटर स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे, एकदम एक पूर्ण नाही. कागद काढला की पिनियन एका बोटाने घट्ट धरायचा आणि दुसऱ्या हाताने स्पर पुढे-मागे हलवायचा. अगदी बारीक टिक-टिक जाणवली पाहिजे, डोळ्यांना हालचाल जेमतेम दिसेल इतकीच. मग स्पर थोडा फिरवून परत, असं पूर्ण फेऱ्यात सात-आठ ठिकाणी. जिथे सगळ्यात घट्ट लागतं तिथे खूण करायची आणि मेश त्या जागी सेट करायचा, बाकी ठिकाणी किंचित ढिला राहिला तरी चालतो. जिथे ढिला आहे तिथे सेट केलात तर घट्ट जागी प्रत्येक फेऱ्याला गिअर एकमेकांवर दाबले जाणार, बेअरिंगवर लोड येणार, मोटर तापणार. फरक खूपच जास्त वाटला, म्हणजे एका जागी खुळखुळ आणि दुसऱ्या जागी जाम, तर स्पर वाकडा बसलाय किंवा बेअरिंग गेलंय, ते आधी बघा. कितीही कागद लावून ते सुटणार नाही.

आवाजावरून पण कळतं. आवळलेला मेश किंचाळतो, थ्रॉटल वाढवाल तशी धार चढत जाते. ढिला असेल तर थ्रॉटल सोडताना आणि ब्रेक मारताना कटकट येते. पण बॉडी काढून, गाडी स्टँडवर ठेवून ऐका, आणि चाकं हवेत असताना फुल थ्रॉटल देऊ नका, टायर फुगतात आणि आवाजाचा काही अर्थ राहत नाही.

आणि हो, पिनियन बदलला की मेश परत सेट करायचाच, एका दाताचा फरक असला तरी. ०.६ मोड्यूलमध्ये एक दात वाढला की मोटर ०.३ मिमी मागे सरकावी लागते. काहीजण मोटर स्क्रू न सोडता पिनियन काढतात, नवीन ढकलून बसवतात, बसला म्हणून खूश होतात. मोठा बसला म्हणजे तो दाबून बसलाय, लहान बसला म्हणजे फक्त दातांच्या टोकांवर चालतोय. बॅटरीचा एक पॅक संपायच्या आत दात साफ.

ग्रब स्क्रू सपाट जागेवर नसणं

एकदा मी एक अख्खी संध्याकाळ कटकट आवाज शोधण्यात घालवली. स्पर नवीन टाकला, डिफ (दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शियल) उघडला, सगळी बेअरिंग हाताने फिरवून बघितली, ड्राइव्हशाफ्ट काढले. शेवटी कळलं की पिनियनच शाफ्टवर फिरत होता. शाफ्टला एका बाजूने सपाट भाग असतो, पिनियनला शाफ्टवर धरून ठेवणाऱ्या छोट्या ग्रब स्क्रूचं तोंड बरोब्बर त्यावर यायला पाहिजे, माझा त्याच्या कडेला अर्धा वर बसला होता. हाताने ओढून घट्ट लागत होता, लोड आला की निसटत होता आणि शाफ्टवर गोल चरा पाडून बसला होता. तेव्हापासून आवाज आला की मी पहिला हात पिनियनला लावतो, स्पर धरून पिनियन जोराने फिरवून बघतो.

ग्रब स्क्रूला निळा, म्हणजे मध्यम ताकदीचा थ्रेडलॉकर (स्क्रू आपोआप सैल होऊ न देणारं द्रव) एक थेंब. त्याआधी स्क्रू आणि भोक दोन्ही स्पिरिटने पुसायचं, तेलावर तो धरत नाही. लाल वापरू नका, काढताना आतला षटकोन गोल होतो. अडकलाच तर सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूवर थोडा वेळ धरा, सुटतो. १.५ मिमीची एलन की मात्र चांगली घ्या, गाडीसोबत आलेली वाकडी की पहिल्यांदा वापरायलाच बरी. थ्रेडलॉकर प्लॅस्टिकला लागू देऊ नका, काही प्लॅस्टिक त्याने तडकतं.

मोठा पिनियन म्हणजे फुकटचा स्पीड नाही

पिनियन मोठा की टॉप स्पीड वाढतो, उचल कमी होते, उष्णता वाढते. स्पर मोठा केला की बरोबर उलट. पिनियनचा एक दात म्हणजे साधारण स्परचे तीन, ७०/२२ चं ७०/२३ केलंत तर ते ६७/२२ केल्यासारखंच आहे. म्हणून "दोन-तीनच दात वाढवले" ही गोष्ट छोटी नाही.

आता टायर. ६५ मिमीचे काढून ८५ मिमीचे लावले तर रेशोला हात न लावता गाडी ३० टक्के मोठ्या गिअरवर गेली, म्हणजे २२ चा पिनियन काढून २९ चा टाकल्यासारखं. हे कुणी मोजत नाही, आणि मग मोटर कंपनीला शिव्या बसतात. बॅटरीचं तसंच. टू-एस म्हणजे दोन सेलची लायपो बॅटरी ७.४ व्होल्ट, थ्री-एस म्हणजे तीन सेलची ११.१, सरळ दीडपट. ३३०० केव्हीची, म्हणजे एका व्होल्टमागे मिनिटाला ३३०० फेरे मारणारी मोटर टू-एसवर लोड नसताना मिनिटाला साधारण २४,४०० फेरे मारते, थ्री-एसवर ३६,६००. तोच स्पीड ठेवायचा तर २२ च्या जागी १५ चा पिनियन लागेल, आणि इतका लहान प्रत्येक चॅसीत बसतही नाही. लोक करतात काय, थ्री-एस पण लावतात आणि पिनियन पण वाढवतात, त्याच दिवशी. मग मोटर गेली की ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) गेला की दोन्ही, हे शोधत बसायचं. थ्री-एस आधी ईएससी आणि मोटरला चालतो का ते बघा, मग पिनियन लहान करा, मग गाडी बाहेर काढा.

माझा नियम, एका वेळी एकच दात आणि दर वेळी तापमान. तीन मिनिटं नेहमीसारखी चालवायची, थांबवायची, मोटरच्या डब्याचं तापमान घ्यायचं. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की मी एक दात मागे येतो. आत वाइंडिंग डब्यापेक्षा जास्त गरम असतं, आणि ब्रशलेस मोटरचं मॅग्नेट जास्त तापलं की कायमचं कमजोर होतं, मग ती मोटर थंड झाल्यावरही पहिल्यासारखी ओढत नाही. इन्फ्रारेड गन वापरत असाल तर चकचकीत डब्यावर ती कमी आकडा दाखवते, तिथे काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि त्यावर मोजा. गवतात चालवणार असाल तर गुळगुळीत रस्त्यावर घेतलेलं रीडिंग धरू नका, गवतात मोटरला कितीतरी जास्त ओढावं लागतं.

बाकीच्या, पटापट

उघड्या स्परला ग्रीस लावू नका, धूळ चिकटून त्याची घासायची पेस्ट होते. ग्रीस बंद गिअरबॉक्सच्या आत.

मोटर स्क्रू गरजेपेक्षा लांब घेऊ नका, आत जाऊन वाइंडिंगला लागतात आणि शॉर्ट होतो. बदलताना जुन्या स्क्रूच्या शेजारी ठेवून लांबी बघा, वॉशर विसरू नका.

स्पर जातोय म्हणून स्टीलचा टाकणं मला पटत नाही. प्लॅस्टिकचा स्पर फ्यूजसारखा असतो, तो वाचला की दणका डिफला आणि ड्राइव्हशाफ्टला बसतो, आणि ते बदलायला अर्धी गाडी उघडावी लागते. आधी तो का जातोय ते शोधा.

स्लिपर क्लच (झटका आला की थोडा घसरून तो झेलणारा) पूर्ण आवळून ठेवला असेल तर उडीवरून थ्रॉटलवर उतरताना सगळा झटका दातांवर येतो. अगदी ढिला ठेवलात तर तो घसरत राहून तापतो आणि स्पर मधूनच वितळतो.

पिनियन पूर्ण रुंदीने स्परला लागला पाहिजे, अर्ध्या रुंदीवर चालणारा स्पर अर्धाच झिजतो आणि कडेला पायरी पडते.

नवीन स्पर जुन्या पिनियनवर लावताना पिनियनचे दात उजेडात धरून बघा. ॲल्युमिनियमचे मातीत लवकर झिजतात, दाताची एक बाजू आत खात जाऊन टोक आकड्यासारखं वळतं. नख फिरवलं की अडकतं. असा पिनियन असेल तर त्याला नवीन स्पर देऊ नका, दोन्ही एकदम बदला, आणि पिनियन या वेळी स्टीलचा घ्या.