गांजाची तलफ मोजायची कशी?

‘तलफ येते का रे?’ असं विचारलं की पोरगा म्हणणार, ‘न्हाई मॅडम, सोडलंय आता.’ शेजारी आई असेल तर आणखी ठासून. म्हणून आधी आईला बाहेरच्या बाकावर बसवा, मगच कागद काढा.

मी गांजाच्या तलफेची जी छोटी प्रश्नावली वापरते, तिची मूळ आवृत्ती २००१ मध्ये आली. मूळ विधानं ४७, छोटीत १२. प्रत्येक विधानाला १ ते ७ गुण: मुळीच पटत नाही तर १, पुरेपूर पटतं तर ७. सगळं ‘आत्ता, या घडीला’ बद्दल. गेल्या आठवड्याबद्दल विचाराल तर तलफ नाही, आठवण मोजली जाईल.

खरी गंमत चार बाजूंत आहे. हात आवरत नाही असं वाटणं, ताण किंवा उदासी घालवायला ओढावंसं वाटणं, ओढल्यावर बरं वाटेल ही आशा, आणि ओढायचा सरळ बेत. प्रत्येकीची तीन विधानं, म्हणजे ३ ते २१ गुण. नुसती बेरीज धरून बसू नका. समजा दोन पोरांची बेरीज प्रत्येकी ४८ आली. एकाचे ताणाचे २०, दुसऱ्याचे बेताचे २०. पहिल्याशी झोपेबद्दल, घरातल्या भांडणाबद्दल बोलायचं. दुसऱ्याला विचारायचं, ‘आज संध्याकाळी रंकाळ्यावर कोण कोण जमणार आहे?’

आपल्याकडे गांजा बहुतेक वेळा सिगारेटच्या तंबाखूत मिसळून ओढतात. मग तलफ कशाची? ‘नुसती सिगारेट दिली तर भागेल का?’ हे आधी विचारून उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहा. हे सुटलं तर पुढचे आकडे फुकट.

वेळ ठरावीक ठेवा. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलेला माणूस आणि सुट्टीला दुपारी झोपून उठलेला तोच माणूस वेगळे आकडे देतो. टपरीवरून, मित्रांतून थेट आला असेल तर तेही नोंदवा. नुसता वास आला तरी तलफ चढते.

पहिलं मोजमाप सोडण्याआधीच घ्या. रोज ओढणाऱ्याला सोडल्यावर एक ते तीन दिवसांत चिडचिड, झोपमोड, भूक मरणं सुरू होतं. पहिल्या आठवड्यात हे सगळं टोकाला जातं. त्या दिवसांत १२ विधानं वाचून दाखवलीत तर कागद तोंडावर येईल! तेव्हा ‘० ते १०, आत्ता किती?’ एवढंच पुरे, फोनवरही चालतं.

विधानं तुम्हीच मराठीत केली असतील तर आकडे त्या माणसाच्या आधीच्या आकड्यांशीच ताडा, दुसऱ्या कुणाशी नाही.

घरचे लघवीच्या तपासणीचा आग्रह धरतील. भरपूर ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तलफेचं त्यातून काहीच कळत नाही, हे त्यांना पोरासमोरच सांगा.