वाघ मध्यावर आणा

शेतकऱ्यांच्या मदतनिधीसाठी आम्ही चंद्रपुरात वन्यजीवांच्या चित्रांचा लिलाव करतो. मी निवृत्त चित्रकला शिक्षक, म्हणून सगळं माझ्या गळ्यात.

चित्रकाराकडून आकार, माध्यम आणि किती रुपयांखाली विकायचं नाही, हे सहीनिशी लिहून घ्या. पहिल्या वर्षी मी तोंडी कारभार केला. एका मित्राचं जलरंगातलं शेकरू फ्रेमच्या किमतीत गेलं. तो अजून माझ्याकडे चहाला येत नाही.

फ्रेमला हौसेनं कुणी खरं नख किंवा कातडं लावून दिलं, तर हात जोडून परत करा. १९७२चा वन्यजीव कायदा दिवाणखान्यालाही लागू आहे.

क्रम महत्त्वाचा. सुरुवातीला हरियाल पक्ष्याचं छोटं रेखाटन बोलीला काढा, म्हणजे हात वर करायची भीड मोडते. वाघ शेवटी ठेवू नका. तोवर मसालेभाताचा वास सुटतो आणि खुर्च्या रिकाम्या होतात. रानडुकराचं चित्र मात्र आमच्याकडे कुणी घेईना. ज्याचा हरभरा डुकरांनी उकरला, तो ते भिंतीवर कशाला टांगेल?

‘तीन वार’ म्हणण्याआधी मागच्या रांगेकडे बघा. खरे घेणारे तिथेच बसतात.

चित्राच्या किमतीवर देणगीच्या आयकर सवलतीची, म्हणजे सगळे जिला ८०जी म्हणतात ती पावती देऊ नका, ती खरेदी आहे. चित्रकारालाही ती सवलत नाही, कारण वस्तुरूप दान त्यात बसत नाही. वेगळी देणगी देणाऱ्याला सांगा, २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर सूट मिळत नाही. पैसे जमा झाल्याशिवाय चित्र भिंतीवरून उतरवू नका, पाहुणा कितीही ओळखीचा असो.