डोळा पोचत नाही तिथे हात घालू नका

या कामात आले तेव्हा वाटायचं, सुई दिसली की चिमट्याने उचलायची आणि डब्यात टाकायची, त्यात शिकायचं काय? पहिल्याच आठवड्यात कळलं की दिसलेली सुई सोपी असते, खरा धोका न दिसलेल्या सुईचा. भाडेकरू सोडून गेलेली घरं, बंद पडलेली गोदामं, जिन्याखालचे कोपरे अशा जागांमधून टाकून दिलेल्या सुया, ब्लेड, फुटलेल्या अँप्युल म्हणजे औषधाच्या काचेच्या कुप्या काढायचं काम मी करते. तुम्ही नव्याने येणार असाल तर माझ्या चुका तुमच्या उपयोगी पडाव्यात, एवढ्याचसाठी हे लिहिते आहे.

कामावर पाऊल टाकण्याआधी हिपॅटायटिस बीची लस घ्या. नेहमीच्या वेळापत्रकात तिचे तीन डोस असतात: पहिला, एका महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. म्हणजे ठरवल्यापासून अर्धं वर्ष जातं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटिबॉडी पुरेशा तयार झाल्यात का, तेही बघा. सगळ्यांना भीती वाटते ती एचआयव्हीची. पण एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के असते. हिपॅटायटिस बीच्या बाबतीत, लस न घेतलेल्या माणसाला हीच शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो. हिपॅटायटिस सीवर तर लसच नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही आठवून बघा.

मला सुई टोचली ती एका सोफ्यात. वरच्या गाद्या उचलून झाल्या होत्या, मागच्या फटीत काही चमकलंही नव्हतं. हातात जाड चामडी हातमोजे होते, त्या भरवशावर बोटं आत सरकवली. मुंगी चावावी तेवढंच जाणवलं. मोजा काढला तर मधल्या बोटाच्या पेरावर टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका. ती इन्सुलिनची सुई होती, केसासारखी बारीक, आणि सिरिंजच्या नळीत अजून ओलं रक्त होतं.

मी घाबरून बोट पिळायला लागले. ते चुकीचं होतं. पिळायचं नाही, चोखायचं नाही, जखमेवर ब्लीच ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं आणि तडक डॉक्टर गाठायचे. एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करायची तर 72 तासांच्या आत करावी लागतात आणि जितकी लवकर तितकं बरं. ती द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतात. मला दिली, 28 दिवस. रोज सकाळी मळमळायचं. तपासण्या संपेपर्यंत काही महिने गेले, तेवढ्या काळात माझा टूथब्रश आणि नेलकटर मी घरात वेगळ्या कप्प्यात ठेवले होते. सगळे रिपोर्ट चांगले आले. पण ते दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत असं मनापासून वाटतं.

त्या दिवसापासून हातमोज्यांवरचा माझा विश्वास बेताचाच आहे. नायट्राइलचे पातळ रबरी मोजे रक्त अडवतात, सुई नाही. कापण्यापासून वाचवणारे विणीचे मोजे ब्लेड अडवतील, पण बारीक सुई विणीतून सहज आत जाते. सुईसाठी तपासलेले मोजे वेगळे मिळतात, तेच मागा आणि ते घालूनही फटीत बोटं घालू नका.

सोफा आता मी आधी उभा करते, खालचं कापड कापते आणि टॉर्च जमिनीलगत आडवी धरते. वरून उजेड टाकला तर सुई फरशीत मिसळून जाते, आडव्या उजेडात तिची सावली लांब पडते. गादीच्या शिवणी, फ्लशच्या टाकीमागची जागा, बेसिनखालचा पाइप, पडद्याची दुमड, टाकलेल्या कपड्यांचे खिसे या जागा कधीही चुकवू नका. कपड्यांचा ढीग कवेत उचलायचा नाही. एकेक कपडा चिमट्याने बाजूला घ्यायचा.

उचलताना डबा सुईपाशी न्यायचा, सुई डब्यापाशी नाही. डबा जमिनीवर घट्ट बसवा, दुसऱ्या हातात धरून ठेवू नका. लांब चिमट्याने सिरिंज मधोमध पकडायची, टोक आपल्यापासून दूर. एका वेळी एकच. टोपण परत लावायला जाऊ नका, कितीही जवळ पडलेलं असलं तरी. डबा तीन चतुर्थांश भरला की कायमचा बंद. त्यात हात घालून जागा करणारी माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा मला ओरडावं लागलं आहे. कचऱ्याच्या पिशव्याही दाबायच्या नाहीत आणि नेताना पायाला घासू द्यायच्या नाहीत.

सांडलेल्या रक्तावर आधी कागद टाकून ते टिपून घ्या, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांचं मिश्रण त्या जागेवर ओतून दहा मिनिटं राहू द्या.

घरमालक विचारतात, आता एकही सुई नाही ना? मी तसं लिहून देत नाही. कुठे कुठे पाहिलं आणि कुठे पाहता आलं नाही, ते लिहून देते. त्याआधी दुसरा माणूस उलट्या बाजूने, दाराकडे येत पूर्ण खोली पुन्हा बघतो. एकदा माझ्या नजरेतून निसटलेल्या दोन सुया सहकाऱ्याला अशाच मिळाल्या, एक ट्यूबलाइटच्या पट्टीवर आणि एक दाराच्या चौकटीच्या वर. आता माझ्या यादीत चौकटीची वरची कड पहिल्या ओळीत आहे आणि ती बघायला मी गाडीत छोटी शिडी ठेवते.